फिलिप ग्लास : मात्रांच्या हिशेबातून घडलेले संगीत

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात बेन ग्लास यांचे रेकॉर्डचे दुकान होते. ज्या रेकॉर्ड खपत नसत त्या ते घरी आणत आणि गिऱ्हाईक त्या का घेत नाही, हे कळावे म्हणून रात्री लावून ऐकत. १९३७ साली जन्मलेल्या आणि पुढे संगीतकार झालेल्या त्यांच्या मुलाच्या, फिलिपच्या, कानांवर बार्टोक आणि शोस्ताकोविच हे विसाव्या शतकातले संगीतकार पडले ते या पडून राहिलेल्या मालातून.

वयाच्या पंधराव्या वर्षी शिकागो विद्यापीठ, पुढे न्यूयॉर्कचे जुलियार्ड हे संगीत विद्यालय आणि मग पॅरिसमध्ये संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांची कडक तालीम, असे त्यांचे शिक्षण झाले. पण ग्लास यांना स्वतःची वाट सापडली ती पॅरिसमधल्याच एका ध्वनिमुद्रणाच्या वेळी. एका चित्रपटासाठी पंडित रविशंकर यांचे संगीत फ्रेंच वादकांना पाश्चात्त्य पद्धतीने लिहून देण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. सवयीप्रमाणे ते उभ्या रेघा मारून स्वरांचे भाग पाडत आणि त्यामुळे वाजवताना नको तिथे आघात येत. तबल्यावर बसलेले उस्ताद अल्लारखाँ मात्र सगळे स्वर सारखेच आहेत, असे पुन्हा पुन्हा बजावत. अखेर ग्लास यांनी त्या रेघाच खोडून टाकल्या, तेव्हा दोन-दोन, तीन-तीन मात्रांचे गट जोडत आवर्तन कसे पुरे होते, हे त्यांच्या ध्यानात आले. ही हकीकत त्यांनीच सांगितलेली आहे. तबला ऐकत वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. ग्लास यांनी मात्र या बेरजेवर आपली सारी रचनापद्धती उभारली.

न्यूयॉर्कला परतल्यावर त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद काढला आणि पोटासाठी नळजोडणीची कामे केली, टॅक्सी चालवली. कलासमीक्षक रॉबर्ट ह्यूज यांच्या घरी ते एकदा भांडी धुण्याचे यंत्र बसवत होते. ह्यूज यांनी त्यांना ओळखले आणि ते चकितच झाले. आपण कलावंत आहोतच, पण कधीकधी नळकामही करतो, असे ग्लास यांनी शांतपणे सांगितले. १९७६ साली दिग्दर्शक रॉबर्ट विल्सन यांच्यासह केलेला, सुमारे पाच तासांचा ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ हा ऑपेरा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरागृहाच्या भरलेल्या सभागृहात झाला. त्याने नाव मिळवून दिले आणि कर्जही. त्यामुळे ग्लास पुन्हा टॅक्सी चालवू लागले.

१९८० साली रॉटरडॅम येथे ‘सत्याग्रह’ रंगमंचावर आला. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतील लढ्यावरच्या या ऑपेराची सारी संहिता भगवद्गीतेतून घेतलेली असून ती संस्कृतातच गायली जाते. वाद्यवृंदात पितळी वाद्ये आणि तालवाद्ये नाहीत. ज्याने ताल तबल्याच्या संगतीत उमजून घेतला, त्याने इथे तो तंतुवाद्ये, सुषिरवाद्ये आणि ऑर्गन यांच्यावर सोपवावा, ही निवड धाडसाचीच म्हणावी लागेल. दहा वर्षांनी, १९९० मध्ये, ‘पॅसेजेस’ या अल्बमसाठी ग्लास यांनी रविशंकर यांच्या स्वरकल्पनांवर आणि रविशंकर यांनी ग्लास यांच्या स्वरकल्पनांवर रचना बांधल्या.