काष्ठौषधीचं दुकान आणि कायदा

(ठाण्यात किरकोळ दुकानदार आणि महिला बचत गटांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मघाशी बाहेर चहा घेताना कळव्याच्या एका तरुणानं मला विचारलं, "सर, आयुर्वेदिक औषधांचं दुकान टाकायचंय. गुमास्ता झालाय. औषधाचं लायसन कुठून काढू?" तिथूनच सुरुवात करतो, कारण इथल्या निम्म्या लोकांच्या मनात हाच प्रश्न असणार.

उत्तर असं आहे की आयुर्वेदिक औषध नुसतं विकायला औषध कायद्याखाली परवाना लागत नाही. शेजारच्या मेडिकलवाल्याला नमुना २० आणि २१ चे परवाने लागतात, नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. होमिओपॅथीच्या गोळ्या विकणाऱ्यालासुद्धा नमुना २०-सी घ्यावा लागतो. आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधांच्या किरकोळ विक्रीला मात्र असा परवानाच नाही. परवाना आहे तो बनवणाऱ्याला.

हे असं का झालं? औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे १९४० चा. आयुर्वेदाचं वेगळं प्रकरण, चार-अ, त्यात आलं १९६४ च्या दुरुस्तीनं. तोवर वैद्य स्वतः औषध कुटायचे, खलायचे आणि आपल्या रोग्याला द्यायचे. ती रीत मोडायची नव्हती, म्हणून आपल्याच रोग्यांसाठी औषध बनवणाऱ्या वैद्य-हकिमांना परवान्यातून सूट दिली, ती आजही आहे. दुकानाच्या फळीवर शेकडो कंपन्यांचे डबे लागतील, मोबाइलवरून चूर्ण मागवलं जाईल, याचा विचार तेव्हा झाला नाही. कारखान्याच्या दाराशी पहारा बसला, दुकानाचं दार उघडं राहिलं.

पण म्हणून दुकानदाराला कायदाच लागू नाही, असं समजू नका. कलम ३३ ईईसी नीट वाचा. नियम मोडून बनवलेलं आयुर्वेदिक औषध विकायचं नाही, साठवायचं नाही, विक्रीला मांडायचंसुद्धा नाही, असं ते सांगतं. मांडणं म्हणजे फळीवर ठेवणं. तसा माल तुमच्या फळीवर सापडला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद आणि किमान दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. "मी थोडाच बनवलाय? मला होलसेलवाल्यानं दिला," एवढ्यावर सुटका होत नाही.

मग माल नियमात बनलाय की नाही, हे दुकानदारानं ओळखायचं कसं? त्याच्याकडे प्रयोगशाळा नसते. त्याच्याकडे लेबल असतं.

मी दोन पुड्या आणल्या आहेत. ही पहिली, शंभर ग्रॅम गुळवेल चूर्ण. मागची बाजू बघा. वर 'आयुर्वेदिक औषध' असं लिहिलंय. खाली घटक, आणि घटकापुढे वनस्पतिशास्त्रीय नाव, टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. मग निव्वळ वजन, उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख. यातली बहुतेक यादी औषध कायद्याखालच्या नियमांतल्या नियम १६१ मधली आहे आणि मुदतीची तारीख १६१-बी मधली. आता ही दुसरी पुडी. पुढे धन्वंतरीचं चित्र, मोठ्या अक्षरांत 'शुद्ध गुळवेल', 'शंभर टक्के नैसर्गिक'. मागे एक मोबाइल नंबर, बस. परवाना नाही, बॅच नाही, गाव नाही. ही पुडी फळीवर ठेवू नका.

लॅटिन नाव कशाला हवं, असं वाटेल. गुळवेलीच्या बाबतीत ते फार महत्त्वाचं आहे. टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची एक भावंड वेल आहे, दिसायला जवळपास तशीच, आणि तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कोविडच्या काळात गुळवेलीला एवढी मागणी आली की जो तो काढा उकळत होता, आणि वेल कुठली, हे कुणी विचारत नव्हतं. याच काळात आपल्या जिल्ह्यातल्या शहापूरच्या एका आदिवासी संस्थेनं वनोपजाच्या विक्रीसाठी असलेल्या वनधन योजनेतून मोठमोठ्या औषध कंपन्यांना गुळवेल पुरवली. ज्यांना वेल ओळखता येते, त्यांच्याकडून ती आली. दुकानदारानं पुडीवरचं नाव वाचणं, हा त्याच साखळीतला शेवटचा दुवा आहे.

आता सुट्या मालाकडे येतो. वाशीच्या मसाला मार्केटमधून हिरडा, बेहडा, आवळकाठी, ज्येष्ठमध, शिकेकाई आणायची आणि जांभळी नाक्यावर तोलून द्यायची, हा आपल्याकडचा जुना धंदा. अख्खा हिरडा हिरडा म्हणून विकलात तर तो कच्चा माल आहे. कायद्यात 'उत्पादन' या शब्दाची व्याख्या खूप रुंद आहे. त्यात बनवणं आलं, तसं पॅक करणं, लेबल लावणं, मोठ्या मालाचे छोटे भाग करणं, हेही आलं. पण त्याच व्याख्येत एक सूट आहे, की किरकोळ धंद्याच्या नेहमीच्या ओघात पुडी बांधून देणं हे उत्पादन नाही. गिऱ्हाईक समोर उभं आहे, त्याला पन्नास ग्रॅम सोनामुखी कागदात बांधून दिली, इथपर्यंत तुम्ही दुकानदार. तीच सोनामुखी आणखी चार जिनसांबरोबर दळलीत, पाकिटं सील केलीत, त्यावर 'आमचं पोटसाफ चूर्ण' म्हणून स्टिकर चिकटवलात, की तुम्ही उत्पादक झालात. मग परवाना हवा. विनापरवाना उत्पादनाला एक वर्षापर्यंत कैद आणि किमान वीस हजार रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांतला जास्तीचा आकडा, एवढा दंड आहे.

बचत गटाच्या ताईंना हे ऐकून काळजी वाटते आहे, ते मला इथून दिसतंय. त्यांच्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण त्यांचा हेतू चांगला असतो आणि अडकतात त्याच. केसांचं तेल, उटणं, बाळगुटीचा संच, गुडघेदुखीचं तेल, हे सगळं घरी होतं आणि दिवाळीच्या स्टॉलवर जातं. बाळगुटीचं बघा. मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड, बाळहिरडा, मायफळ अख्खे डबीत घालून द्या, आई स्वतः सहाणेवर वळसे देईल, तर तो जिन्नसांचा संच झाला. डबीवर 'पोटदुखी, जुलाब, आकडी यांवर' असं लिहिलंत, की त्या जिनसांचं तुम्ही औषध केलंत. उटणं नुसतं अंगाला लावायचं, कांतीसाठी, तर ते सौंदर्यप्रसाधन. त्यालाही विक्रीसाठी बनवायचं तर सौंदर्यप्रसाधने नियम २०२० खाली परवाना आहेच. त्यावर 'इसब, खरूज बरी होते' असं छापलंत की ते औषध. 'गुडघेदुखीवर' म्हणून तेल विकायचं तर आयुर्वेदिक उत्पादन परवाना लागतो. त्यासाठी औषध नियमांच्या अनुसूची टी प्रमाणे, म्हणजे कारखाना कसा हवा हे सांगणाऱ्या यादीप्रमाणे, बाराशे चौरस फुटांची जागा, वेगवेगळे विभाग, शिकलेला तज्ज्ञ माणूस, सगळं हवं. ठाण्यात वन बीएचकेमध्ये ते कसं जमणार? जमणार नाही. पण मार्ग आहे. लोन लायसन नावाची सोय आहे, म्हणजे ज्याच्याकडे मान्यताप्राप्त कारखाना आहे, त्याच्या जागेत आपल्या नावानं माल बनवून घ्यायचा. दोन-तीन गट एकत्र आले तर हे परवडू शकतं. मला मनापासून वाटतं की गटांनी या वाटेनं जावं. घरच्या मिक्सरमध्ये दळलेलं चूर्ण परक्या माणसाच्या पोटात औषध म्हणून जातं, तेव्हा ती जबाबदारी फार मोठी असते.

आता जिभेचा कायदा. औषधे व जादूटोण्याचे उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४. त्याच्या अनुसूचीत ५४ आजारांची आणि अवस्थांची यादी आहे. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, हृदयविकार, मुतखडा, कोड, लठ्ठपणा, अर्धांगवायू, वंध्यत्व, मोतीबिंदू, इतकंच काय, उंची वाढवणं. यांच्यावर अमुक औषध चालतं, अशी जाहिरात करता येत नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पुढच्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत. बरेच जण म्हणतात, "आम्ही 'बरा होतो' लिहीत नाही, 'नियंत्रणात राहतो' लिहितो." कलम तीनमध्ये निदान, बरं करणं, तीव्रता कमी करणं, उपचार आणि प्रतिबंध हे सगळे शब्द आहेत. 'नियंत्रणात' म्हटल्यानं पळवाट मिळत नाही.

आणि जाहिरात कशाला म्हणायचं? नोटीस, पत्रक, लेबल, वेष्टन, आणि तोंडी केलेली घोषणासुद्धा. कायदा करणाऱ्यांनी उजेड, आवाज आणि धूर यांनी दिलेली जाहिरातही व्याख्येत घेतली आहे. स्टेशनबाहेर स्पीकर लावून मुतखड्याची पावडर विकणारा त्यात येतो. दुकानाच्या काचेवर खडूनं 'शुगरवर रामबाण' लिहिणाराही येतो. आपला माल खपवायला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला मजकूर त्यातून सुटेल, असं मला तरी वाटत नाही. हमदर्द दवाखाना खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९५९ च्या डिसेंबरात या कायद्यातल्या काही तरतुदी रद्द केल्या, पण गाभा उचलून धरला. अशा जाहिरातीला भाषणस्वातंत्र्याचं कवच त्या निकालानं दिलं नाही.

गिऱ्हाईक विचारतं, "काका, बीपीवर काही आहे का?" तेव्हा काय करायचं? सांगायचं, की वैद्यांना विचारून या, त्यांनी लिहून दिलेलं मी देतो. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ प्रमाणे नोंदणी नसलेल्यानं वैद्यकी करायची नाही. रोग विचारून औषध सुचवणं आणि वैद्यकी करणं यांत अंतर फार थोडं उरतं.

काही जिनसांच्या बाबतीत तर हे प्राणांशी आहे. औषध नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये विषारी द्रव्यं दिली आहेत. बचनाग, कुचला, बिब्बा, धोत्रा, गुंज, कण्हेर, जमालगोटा, अफू, पारा, हरताळ, मनशीळ. यातलं काही पोटात घ्यायच्या औषधात असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावं, हा इशारा इंग्रजी आणि हिंदीत लेबलवर हवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना सांगितलं, की नोंदणीकृत वैद्याची चिठ्ठी तपासल्याशिवाय अशी औषधं देऊ नका. हेच पथ्य दुकानातही पाळा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

दुसरा धोका लेबलवर दिसतच नाही. सांधेदुखीची बिननावाची पुडी. तीन दिवसांत दुखणं पळतं, आजी खूश होतात, शेजारणीला सांगतात. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार देशभर पुन्हा पुन्हा उघडकीला आले आहेत. काही महिन्यांत चेहरा गोल सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. आणि पुडी एकदम बंद केली तर जिवावर बेततं, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानंच सोडवावी लागते. जडीबुटी तीन दिवसांत असा चमत्कार करत असेल, तर दुकानदाराला आधी शंका यायला हवी.

एक गोष्ट पटकन सांगतो. काही डब्यांवर औषध परवान्याऐवजी एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक असतो. तो माल अन्न म्हणून विकला जातो. २०२२ पासून 'आयुर्वेद आहार' असा वेगळा वर्गही आहे. त्यात गैर काही नाही. पण अन्नाच्या डब्यावर आजार बरा करण्याचा दावा आला, की डबा परत पाठवा.

जाहिरातींवर आणखी एक लगाम होता, औषध नियमांतला नियम १७०. डिसेंबर २०१८ मध्ये आला, जाहिरातीआधी राज्याची परवानगी घ्या म्हणून. १ जुलै २०२४ ला केंद्रानं तो वगळला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या वगळण्याला स्थगिती दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते प्रकरण बंद झालं. आज पूर्वपरवानगी उरलेली नाही. जाहिरात आधी लोकांपुढे जाते, कारवाई नंतर होते. मला हे चुकीचं वाटतं. मधल्या काळात एखादा मधुमेही आपली गोळी बंद करून चूर्णावर गेलेला असतो.

दुकानदारांना शेवटी बिलाबद्दल सांगतो. औषध कायद्याच्या कलम ३३ केए प्रमाणे निरीक्षकानं विचारलं, तर माल कुणाकडून घेतला त्याचं नाव-पत्ता सांगणं तुमच्यावर बंधनकारक आहे. बॅच नंबर असलेलं खरेदीचं बिल फाइलला नसेल, तर तुम्ही काय दाखवणार? बिलाशिवाय स्वस्तात मिळणारा माल घेऊ नका. गिऱ्हाइकालाही बिल द्या, त्यानं मागितलं नाही तरी.

आणि ग्राहक म्हणून आलेल्यांसाठी एक गोष्ट, जिची मला फार खंत आहे. मेडिकलमधून घेतलेल्या गोळीचा संशय आला, तर कलम २६ खाली तुम्ही फी भरून ती सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकता. हा साध्या नागरिकाचा हक्क आहे. आयुर्वेदाच्या प्रकरणात संसदेनं कलम २२ ते २५ लागू केली, म्हणजे निरीक्षक आणि विश्लेषक यांचे अधिकार आले. २६ आणलं नाही. त्यामुळे चूर्णाची पुडी घेणाऱ्याला हा हक्क नाही, त्याला अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करून निरीक्षकानं नमुना घेण्याची वाट पाहावी लागते. हे एक कलम चार-अ प्रकरणात आणावं आणि विक्रेत्यांची साधी, बिनखर्चाची नोंदणी सुरू करावी, अशा दोन मागण्यांचं निवेदन मी तयार केलंय. दाराजवळच्या टेबलावर ठेवलंय. वाचा, पटलं तर सही करा. दुकानदारांनी आधी करावी, अशी माझी विनंती आहे.