अंतिम सामन्याची टीम लावताना

मंडळी, फँटसी म्हणजे खऱ्या सामन्यातल्या खेळाडू निवडून अ‍ॅपवर आपली टीम लावायची आणि त्या मैदानात जे करतील त्याचे गुण मिळवायचे. ती खेळणारे बरेच जण महिलांच्या वनडेची टीम पाच मिनिटांत लावून मोकळे होतात. स्मृती, हरमनप्रीत, समोरच्या संघातली दोन ओळखीची नावं आणि उरलेल्या क्रेडिटमध्ये, म्हणजे खेळाडू घ्यायला अ‍ॅप देतं त्या ठरावीक गुणांत, बसेल ती. पुरुषांच्या सामन्याआधी हीच मंडळी खेळपट्टीवर तासभर वाद घालतात. मला हे मनापासून खटकतं, कारण महिलांच्या वनडेत अभ्यासाला जास्त वाव आहे. म्हणून आज एकच सामना घेते: 2 नोव्हेंबर 2025, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका, विश्वचषकाची अंतिम फेरी. निकाल तुम्हाला पाठ आहे. आपण आदल्या रात्री जाऊन बसू आणि तेव्हा हाताशी काय काय होतं ते पाहू.

आधी मैदान. याच मैदानावर 23 ऑक्टोबरला भारतानं न्यूझीलंडविरुद्ध 340 केल्या. 30 तारखेच्या उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या 338 धावा भारतानं पार केल्या, जेमिमा 127 वर नाबाद राहिली. म्हणजे धावा निघणार हे उघड होतं. मग बहुतेकांनी काय केलं असेल? फलंदाजांनी टीम भरली असेल.

इथे जरा थांबा. दक्षिण आफ्रिका या स्पर्धेत दोनदा शंभराच्या आत गुंडाळली गेली होती. गुवाहाटीत इंग्लंडविरुद्ध 69 आणि इंदूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध 97. गुवाहाटीत पडझड सुरू केली ती डावखुऱ्या फिरकीच्या लिन्सी स्मिथनं, आणि इंदूरला लेगस्पिनर अलाना किंगनं 18 धावांत 7 बळी घेतले. दोन्ही वेळा फिरकी. भारताकडे दीप्ती शर्मा, श्री चरणी आणि राधा यादव अशा तिघी फिरकीपटू होत्या. खेळपट्टी फलंदाजीची असली तरी समोरचा संघ कशापुढे कोलमडतो हे वेगळं पाहावं लागतं, आणि ते सगळं स्कोअरकार्डात छापलेलं होतं.

आता आपल्या फँटसी टीमची कर्णधार कोणाला करायचं. तिचे गुण दुप्पट होतात, त्यामुळे अर्धा डाव इथेच ठरतो. दक्षिण आफ्रिकेच्या लॉरा वोल्वार्टचं नाव आधी सुचणं साहजिक होतं. उपांत्य फेरीत इंग्लंडविरुद्ध 169, सलामीला येते, पन्नास षटकं उभी राहू शकते. पण मी प्रत्येक खेळाडूपुढे एकच प्रश्न लिहिते: हिला या सामन्यात किती काम मिळणार? वोल्वार्टला फक्त फलंदाजीचं. दीप्तीला पाचव्या क्रमांकाची फलंदाजी आणि जवळजवळ खात्रीची दहा षटकं. बहुतेक अ‍ॅपवर एक बळी पंचवीस-तीस धावांच्या मोलाचा धरतात. वोल्वार्टनं अंतिम सामन्यात 101 केल्या, विलक्षण शतक होतं ते. दीप्तीनं 58 धावा केल्या आणि 39 धावांत 5 बळी घेतले. बळीला पंचवीस धरले तरी 58 अधिक 125, म्हणजे 183. शतकवीर कितीतरी मागे राहते. त्या पाचांत खुद्द वोल्वार्टचाही बळी होता, अमनजोतनं दोन-तीन प्रयत्नांत पकडलेला तो झेल.

हाच हिशोब त्यांच्याच नादिन डी क्लर्कला लावा. 9 ऑक्टोबरला विशाखापट्टणममध्ये तिनं आपल्याविरुद्ध दोन बळी घेतले आणि मग आठव्या क्रमांकावर येऊन 54 चेंडूंत नाबाद 84 करून सामना काढून नेला. तळाला येते म्हणून तिला वगळणाऱ्यांनी तो सामना पाहिलेला नसावा. मारिझान कापही याच अष्टपैलूंच्या वर्गातली, उपांत्य फेरीत 20 धावांत 5 बळी. तिनं मात्र अंतिम सामन्यात दगा दिला: एकही बळी नाही आणि 4 धावा. काम मिळण्याची खात्री असते, यशाची नाही. तरीही पुढच्या वेळी मी कापला घेईनच.

आणि शेफाली. मूळ संघात नाही, राखीव यादीतही नाही. बांगलादेशविरुद्धच्या सामन्यात प्रतिका रावलचा घोटा दुखावला म्हणून तिला बोलावलं. उपांत्य फेरीत 10 धावा. पण सलामीला येणारी, एवढ्या धावांच्या मैदानावर पहिल्या दहा षटकांत फक्त दोन क्षेत्ररक्षक बाहेर असताना खेळणारी मुलगी एका अपयशावरून वगळू नये, एवढं नक्की म्हणता आलं असतं. तिनं 78 चेंडूंत 87 केल्या. तिची गोलंदाजी मात्र कोणाच्याच हिशोबात नव्हती. हरमनप्रीतनं चेंडू तिच्या हाती दिला आणि तिनं सुने लुस आणि काप दोघींना परत पाठवलं. अशा गोष्टी आधी ओळखता येत नाहीत, आणि खेळ मला आवडतो तो त्यामुळेही.

पैशांचं थोडक्यात सांगते. ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला आणि ड्रीम11सारख्यांनी पैसे लावायच्या स्पर्धा बंद केल्या. फार बरं झालं. पैसे हरल्यावर घरात काय होतं हे आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिलंय. आता मुलंमुली मोफत टीम लावतात, आणि त्या निमित्तानं कडप्प्याची श्री चरणी कोण, घुवाराची क्रांती गौड कोण, हे त्यांना कळतं.

नाणेफेकीआधी टीम पक्की करू नका. त्या दिवशी पावसानं सामना दोन तास उशिरा सुरू झाला. त्याच मैदानावर आठवडाभर आधी बांगलादेशविरुद्धचा सामना पावसात वाहून गेला होता, तेव्हा षटकं कमी होण्याची भीती खरी होती. षटकं कापली गेली असती तर खालच्या फळीच्या वाट्याला चेंडूच आले नसते आणि वरच्या तिघींचं मोल वाढलं असतं. षटकं वाचली, आफ्रिकेनं नाणेफेक जिंकून गोलंदाजी घेतली, भारतानं 298 केल्या आणि 52 धावांनी सामना मारला.

मघाशी एका ताईंनी विचारलं, यष्टिरक्षक रिचा घोष की सिनालो जाफ्ता? रिचा. विशाखापट्टणमला संघ 6 बाद 102 असताना तिनं 94 केल्या होत्या, अंतिम सामन्यात 24 चेंडूंत 34. शेवटच्या षटकांत फटके मारायचं काम भारतानं तिच्याकडेच सोपवलंय, आणि यष्टीमागचे झेल वेगळे.