‘बटण दाबलं होतं, तरी पडलो’

(पडद्यावर: चौकोनी नायक कडेवरून खाली पडतो. पुन्हा तिथूनच पडतो.)

उड्या मारायचा खेळ गेम जॅममध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीत खेळ बनवायच्या उपक्रमात, उतरवला की ही तक्रार हमखास येते: ‘बटण दाबलं होतं, तरी पडलो.’ कोड तपासला तर चूक सापडत नाही. पाय जमिनीवर असतील तरच उडी, असा नियम आहे आणि बटण दाबलं तेव्हा पाय कडेपुढे गेलेले होते. तरीही खेळाडूचं ऐकावं, कारण त्याच्या हाताला ती उडी वेळेवरच वाटली.

सेकंदाला ६० फ्रेमच्या, म्हणजे ६० वेळा चित्र बदलणाऱ्या, खेळात एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची असते. कडा सुटल्यावरही ६ फ्रेम, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, उडी मान्य करावी. याला ‘कोयोटी टाइम’ म्हणतात. उलट, पाय टेकण्याच्या जरासं आधी बटण दाबलं गेलं, तर ते तेवढाच वेळ लक्षात ठेवून टेकताक्षणी उडी द्यावी. हा ‘जंप बफर’. काम दोन टायमरचं आहे. मेख एकच: उडी दिली की त्याच फ्रेमला दोन्ही टायमर शून्यावर आणायचे. कोयोटीचा टायमर चालू राहिला तर हवेत आणखी एक उडी मिळते, आणि खेळाडू ती शोधून काढतातच.

काट्यांबाबतही हात सैल ठेवावा. चित्र १६ पिक्सेलचं असलं, तरी हिटबॉक्स, म्हणजे काटा लागला की नाही हे ठरवणारी अदृश्य चौकट, दोन्ही बाजूंनी २-३ पिक्सेल आत घ्यावा.

(पडद्यावर: एकच खेळ, शेजारी-शेजारी दोन मॉनिटर.)

कधी कधी तक्रार तीच, कारण मात्र भलतंच असतं. हर्ट्झ म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा. वेग दर फ्रेममागे ठरवला असेल, तर ६० हर्ट्‌झवर नीट चालणारा खेळ १४४ हर्ट्‌झच्या मॉनिटरवर जवळपास अडीच पट पळू शकतो. डेल्टा टाइमने, म्हणजे आधीच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने, गुणलं की वेग सुधारतो, पण उडीची उंची यंत्रागणिक किंचित बदलत राहते. म्हणून अशा खेळात हालचालीची गणितं सेकंदाला ठरावीक ६० वेळाच करावीत.

ब्राउझरमध्ये ‘आवाज येत नाही’ म्हणतात, त्याचा उपाय सोपा: आधी ‘सुरू करा’ बटण ठेवा. पहिल्या क्लिकआधी ब्राउझर सहसा आवाज अडवतो.

खेळाडू दुखणं दाखवतात ती जागा बहुतेक वेळा बरोबर असते. औषध मात्र तपासून घ्यावं लागतं. ‘दुहेरी उडी द्या’ हे ऐकलं, तर मोजून आखलेला प्रत्येक खड्डा निरर्थक होतो. ‘जास्त जीव द्या’ म्हणणाऱ्याला अनेकदा मरण्यापेक्षा मेल्यावरचं थांबणं जाचत असतं. दोन सेकंदांचं मरणाचं दृश्य अर्ध्या सेकंदावर आणून पाहा.

(पडद्यावर: खेळणारे हात. आवाज फक्त बटणांचा.)

‘ल्यूडम डेअर’ या गेम जॅमच्या एकट्याने करायच्या स्पर्धेत ४८ तास मिळतात आणि नंतर स्पर्धकच एकमेकांचे खेळ खेळून गुण देतात. समोर खेळांची रांग असल्यामुळे पहिला मिनिटभर फार मोलाचा. पहिल्या पडद्यावर काटे नकोत. चुकलं तरी काही न बिघडणारी एक उडी असावी.

अवघडपणा जोखायला बनवणाऱ्याचा हात शेवटच्या रात्री निकामी झालेला असतो, कारण तो लेव्हल शेकडो वेळा खेळलेला असतो. म्हणून निम्मा वेळ सरताच नवख्या माणसाला बसवावं. काही सांगायचं नाही, विचारलं तरी नाही. तो कुठे थबकला, कुठे तिसऱ्यांदा पडला, एवढंच टिपायचं. त्या खड्ड्यातली एक टाइल, म्हणजे जमिनीचा एक चौकोनी तुकडा, भरायची आणि दुसऱ्या नवख्याला बसवायचं.