महापौरांना निवेदन दिलं, मग काम का होत नाही?

"महापौर निवडून आले, हारतुरे झाले, आता आमचा रस्ता कधी होणार?" मागच्या व्हिडिओखाली हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आज दुसरा विषय बाजूला ठेवलाय.

आधी पटकन पाया. नगरसेवक आपण निवडतो, नगरसेवक महापौर निवडतात, महापौरांची मुदत अडीच वर्षं. आयुक्त, म्हणजे महापालिकेच्या प्रशासनाचा प्रमुख अधिकारी, राज्य सरकार नेमतं.  पुढे जाऊ.

आता जिथे सगळे अडकतात ती गोष्ट. महापालिकेचे कार्यकारी अधिकार, म्हणजे प्रत्यक्ष काम करून घ्यायचे अधिकार, आयुक्तांकडे आहेत. महापौरांकडे नाहीत. मुंबईचा कायदा 1888 चा, राज्यातल्या बाकीच्या महापालिकांचा 1949 चा. या मुद्द्यावर दोन्ही कायदे एकच सांगतात.

लगेच कोणीतरी लिहिणार, "मग महापौर नुसते शोभेला का?" अजिबात नाही. सर्वसाधारण सभा ते चालवतात. प्रशासनाला सभागृहात उत्तर द्यायला ते लावू शकतात, आणि ही मोठी ताकद आहे. पण चर्चा घडवणं वेगळं आणि कामाचा आदेश काढणं वेगळं.

हे मी फार उशिरा शिकलो. आमच्या गल्लीत ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण तुटलं होतं. शेजारच्या काकूंचा पाय त्यात गेला. आम्ही चाळीस जणांच्या सह्या गोळा केल्या, महापौरांच्या दालनात निवेदन दिलं, फोटो काढला. त्यांनी आपुलकीने ऐकून घेतलं. त्यानंतर आठ महिने चेंबर तसाच, वर झाडाची फांदी खोचलेली. आम्ही त्यांनाच दोष देत बसलो. खरं म्हणजे आमच्या कागदाला आवक क्रमांकच, म्हणजे कागद कार्यालयात आल्याच्या नोंदीचा नंबरच, नव्हता. महापालिकेच्या दप्तरात आमची तक्रार जन्मालाच आली नव्हती.

हेच फाइलच्या बाजूने बघा. कनिष्ठ अभियंता जागा बघतो, अंदाजपत्रक तयार करतो. ते वरच्या अभियंत्यांकडे जातं. मग लेखा विभाग विचारतो, कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या कोणत्या खात्यात, तरतूद आहे? तरतूद असेल तर निविदा, आणि ठेका ठरावीक रकमेच्या वरचा असेल तर स्थायी समितीची, म्हणजे खर्चाला मंजुरी देणाऱ्या नगरसेवकांच्या समितीची, मंजुरी. मग कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश. या अख्ख्या वाटेत महापौरांची सही कुठे लागली? स्थायी समितीची मात्र लागली. 1949 च्या कायद्यात या समितीत 16 सदस्य असतात आणि दरवर्षी निम्मे निवृत्त होतात. तिच्या सभापतिपदासाठी एवढी चुरस का असते, ते इथे कळतं. पैशाची चावी तिथे आहे.

ही रचना आली कुठून? मला हा भाग फार आवडतो, म्हणून दोन मिनिटं द्या. 1865 मध्ये आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर, म्हणजे आयुक्त, झाले. माणूस कामाचा होता, पण खर्चाला लगाम नव्हता. 1871 पर्यंत करदाते खवळून उठले. त्या गदारोळात तरुण फिरोजशहा मेहता उभे राहिले आणि म्हणाले, काम करणारा अधिकारी एकच आणि समर्थ असू द्या, पण त्याच्यावर लोकांनी निवडलेलं सभागृह ठेवा. 1872 च्या कायद्याने निम्मे सदस्य करदात्यांनी निवडायचं ठरलं. 1888 च्या कायद्यावरही मेहतांची छाप आहे. म्हणजे ही चौकट लोकांच्या संतापातून घडली. पण तेव्हाचे 'लोक' म्हणजे कर भरणारे थोडे जण. प्रौढ मताधिकारावर मुंबईत पालिकेची निवडणूक व्हायला 1948 उजाडलं. आज निम्म्या जागांवर स्त्रिया बसतात, तेही समाजाने रेटा लावल्यामुळे.

महापौरांना खरे अधिकार देऊन बघितलेही आहेत बरं का. 1998 मध्ये मुंबई आणि नागपुरात महापौर परिषद आणली, म्हणजे कार्यकारी अधिकार महापौर आणि त्यांच्या निवडक नगरसेवकांच्या गटाकडे दिले. 1999 मध्ये ती गुंडाळली. कोलकात्यात मात्र ती पद्धत आजही आहे. आणि आपल्याकडे उलट बाजूने, नगरसेवकांनी आयुक्तांना हटवायचं म्हटलं तर? 2016 मध्ये नवी मुंबईत आयुक्तांविरुद्ध अविश्वास ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला. तरीही ते पुढचे काही महिने त्याच खुर्चीवर होते. नेमणूक सरकारची, त्यामुळे शेवटचा शब्दही तिकडचाच.

आता एका कॉमेंटबद्दल, कारण ती वाचून मला झोप लागली नाही. "नगरसेवक नव्हते तेव्हाच बरं होतं." मार्च 2022 मध्ये मुंबईच्या सभागृहाची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ सभागृहाच्या जागी प्रशासक होते, आणि प्रशासक म्हणजे आयुक्तच. पाणी आलं, कचरा उचलला गेला, खरंय. पण अर्थसंकल्प आयुक्त म्हणून मांडणारे तेच आणि प्रशासक म्हणून मंजूर करणारेही तेच. मधे प्रश्न विचारणारं कोणी नाही. ज्या गोष्टीसाठी 1871 मध्ये लोक भांडले, ती आपण इतक्या सहज सोडून द्यायची? मला हे मान्य नाही. नगरसेवक चुकीचा वाटला तर बदला, पण ती खुर्ची रिकामी राहू नये.

आमच्या चेंबरचं पुढे काय झालं, तेही सांगतो. नवव्या महिन्यात आम्ही प्रभाग कार्यालयात साधा अर्ज दिला. पाच दिवसांत कनिष्ठ अभियंता टेप घेऊन हजर. ते झाकण त्यांनी दुरुस्तीच्या चालू ठेक्यातून बसवून दिलं. पण गल्लीतले सगळेच चेंबर खचलेत, त्याला तरतूद नाही, असं त्यांनी लिहून दिलं. तो कागद घेऊन आम्ही नगरसेविकाताईंकडे गेलो. "रस्ता करा" म्हणालो नाही. "पुढच्या अर्थसंकल्पात या कामाला तरतूद घ्या" म्हणालो. त्यांनी घेतली.

काहींनी नगरपरिषदेचं विचारलंय. तिथे नगराध्यक्ष थेट जनतेतून आणि प्रशासनात मुख्याधिकारी. गणित वेगळं आहे, त्यावर स्वतंत्र व्हिडिओ करतो.

तोवर एवढं करा. अर्जाच्या दोन प्रती न्या. जागेची नेमकी खूण लिहा, फोटो जोडा. एक प्रत प्रभाग कार्यालयाच्या आवक-जावक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. टेबलावरच्या माणसाने "ठेवून जा, बघतो" म्हटलं, तरी शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.