सर्व्हेचा कागद मागा

(वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, घरावर सोलर बसवावं की नाही हे सांगायला मी आलेलो नाही. ते सांगणारे रोज तुमच्या दारात येतात, फोनवरही येतात. माझा विषय त्याच्या थोडा अलीकडचा आहे. सोलर विकणाऱ्याचा कोणीतरी मोटारसायकलवर येतो, छपराकडे मान वर करून बघतो, दोन फोटो काढतो आणि "तीन किलोवॅट बसते" म्हणून निघून जातो. याला म्हणतात सर्व्हे. त्या पाच मिनिटांवर तुमचं कर्ज ठरतं, अनुदान ठरतं आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचं बिल ठरतं. आणि आपण म्हणतो, "सायेब पाहून गेले न जी, आता आपण कायचं पाहाव?"

आज तेच पाहायचं आहे.

योजना तुम्हाला माहीत आहे, म्हणून पटकन सांगतो. प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, देशभरात एक कोटी घरांसाठी. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,०००. म्हणजे तीन किलोवॅटला ७८,००० आणि त्यापुढे तुम्ही पाच बसवा की दहा, अनुदान तेवढंच. पॅनलमधले सेल आपल्या देशात बनलेले हवेत, नाहीतर अनुदान नाही. पैसे आधी तुम्ही भरता. अनुदान नंतर, तपासणी होऊन नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर, लागल्यावर, तुमच्या खात्यात येतं.

आता बघा, जो येतो तो तीनच का सांगतो? कारण अनुदानाचा आकडा तिथे सगळ्यात मोठा दिसतो. "मोठं घ्या, सबसिडी आहे नं!" पण तिसऱ्या किलोवॅटला सरकार १८,००० देतं आणि त्याची उरलेली किंमत तुम्ही देता. तो किलोवॅट तुम्हाला लागतो का, हा प्रश्न त्याने विचारलाच नाही. त्याच्यासाठी तुमची बिलं बघावी लागतात, आणि एक बिल नाही, बारा.

आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे, कारण विदर्भातलं घर वर्षभर सारखी वीज वापरत नाही. समजा एका घराचा एप्रिलचा वापर २१० युनिट, मेचा २५०, जूनचा २२०. कूलर दिवसरात्र चालू. मग पावसाळ्यात १३०-१४०, आणि डिसेंबर-जानेवारीत ८०. वर्षाची बेरीज १,७०० च्या आसपास. मे महिन्याचं बिल हातात घेऊन जो सर्व्हे करतो तो तीन सांगणारच. डिसेंबरचं बिल बघणारा म्हणेल, एक पुरे. एक किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिट देतं, म्हणजे वर्षाला १,४४०. तीन किलोवॅट वर्षाला ४,३०० च्या वर देईल आणि घराला लागतात १,७००. मी या घराला दीड सांगेन, पोरगी कॉलेज संपवून घरी कॉम्प्युटरवर काम करणार असेल तर दोन. तीन कोणत्याच हिशेबात बसत नाही.

यावर उत्तर ठरलेलं असतं, "काका, जास्तीची वीज महावितरण घेते नं." घेते. पण कशी घेते ते ऐका. जास्तीची युनिटं पुढच्या महिन्याच्या बिलात वळती होतात, हे खरं. मात्र आर्थिक वर्ष संपलं की हिशेब मिटतो. ३१ मार्चला जी युनिटं शिल्लक आहेत ती एप्रिलमध्ये येत नाहीत. त्यांचे ठरलेल्या दराने पैसे धरले जातात आणि तो दर तुम्ही वीज घेता त्यापेक्षा कमी असतो. आता आपला कूलर कधी सुरू होतो? हिवाळाभर जमवलेली युनिटं नेमकी कूलरच्या तोंडावर मिटवली जातात. हा नियम करणाऱ्याने मे महिन्यात कधी आर्वी-पुलगावचा रस्ता पाहिला नसावा.

बिलांबद्दल आणखी एक. घर बंद होतं म्हणून रीडिंग न घेता सरासरीने आलेली बिलं त्या बारांत असतील तर ती बाजूला काढा. आणि शेतातल्या पंपाचं कनेक्शन वेगळं आहे. ते घराच्या हिशेबात मिसळलेलं मी पाहिलंय, तेही सर्व्हेच्या छापील फॉर्मवर.

आता सावली. मी आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना शिकवायचो, तेव्हापासून हा माझा आवडता विषय आहे, तेव्हा जरा वेळ द्या. आपण २१ अंश अक्षांशाच्या आसपास राहतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपूर-वर्ध्याला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून पेपरात फोटो येतात. त्या दिवसांत सर्व्हेवाला आला तर त्याला तुमच्या गच्चीवर सावलीच दिसणार नाही. तोच माणूस डिसेंबरच्या अखेरीला आला तर? तेव्हा भर दुपारीही सूर्य दक्षिणेला कलून साधारण ४५ अंशांवर असतो. ४५ अंश म्हणजे वस्तू जेवढी उंच तेवढीच लांब तिची सावली. गच्चीच्या दक्षिण बाजूला पाण्याची टाकी स्टँडसकट आठ फूट असेल तर उत्तरेकडे आठ फूट सावली, आणि ही दुपारची. सकाळी नऊला, दुपारी चारला ती याहून कितीतरी लांब पडते. शेजारच्या कडुनिंबाचं, चिंचेचं तर विचारूच नका.

आणि पॅनल एकमेकांना माळेत जोडलेले असतात. एकावर सावली आली की साध्या जोडणीत ती अख्ख्या माळेची वीज खाली ओढते. म्हणून विचारायचं ते हे, "डिसेंबरात सकाळी नऊ ते चार इथे सावली कुठवर येते, ते आखून द्या." आजकाल मोबाइलमध्ये सूर्याचा मार्ग दाखवणारी ॲप आहेत. त्याला ते जमत नसेल तर डिसेंबरात तुम्ही स्वतः गच्चीवर खडूने रेघ मारा आणि तारखेसकट फोटो काढा.

उन्हाबद्दलही गैरसमज आहे. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, असं नाही. पॅनलवर लिहिलेले वॅट २५ अंश तापमानाचे असतात. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मेमध्ये हवाच ४५-४६ अंश, पॅनल ६५ च्या वर. म्हणजे बारा-पंधरा टक्के तिथेच गेले. टिनाच्या छपराला पॅनल चिकटवून टाकले, खालून वारा फिरायला जागा ठेवली नाही, तर आणखी. म्हणून "आपल्या भागात ऊन कडक, किलोवॅटला रोज सहा युनिट" असं कोणी म्हणालं तर त्याला ते कागदावर सहीनिशी लिहून मागा. बहुतेक वेळा आकडा तिथल्या तिथे चारवर येतो.

छप्पर. कवेलूच्या घरावर लाकडी फाटे आणि बत्त्या किती वर्षांच्या आहेत हे कोणी वर चढून पाहिलं का? स्लॅब असेल तर कुरड्या, सांडगे, मिरची वाळवायला जागा राहते का? किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट लागतात. घरच्या बाईला विचारल्याशिवाय झालेला गच्चीचा सर्व्हे मी सर्व्हे मानत नाही. आणि वानरं! गावात टोळी आहे आणि फॉर्ममध्ये तिचा उल्लेख नाही, म्हणजे तो माणूस गावात फिरलाच नाही. अवकाळीचं वादळ आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये येतंच, तेव्हा स्ट्रक्चरचे पाय स्लॅबमध्ये कसे धरले जाणार, हेही लिहून यायला हवं.

आता उलटी बाजू, जिथे सर्व्हे तुम्हाला नाकारतो. "लोड बसत नाही", म्हणजे कनेक्शनला मंजूर असलेला भार कमी पडतो, किंवा "डीपीवर", म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, "जागा नाही" ही कारणं महावितरणकडून अजून सांगितली जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम बदलले. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेचा अभ्यास लागत नाही, मंजूर लोड गरजेप्रमाणे वाढवून द्यायचा असतो. आणि पाच किलोवॅटपर्यंत त्यासाठी लाइन-डीपी सुधारायची वेळ आली तर तो खर्च वितरण कंपनीचा आहे. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. कारण लिहून मागा. मीटर आजोबांच्या नावावर असेल तर मात्र तो अडथळा खरा आहे. नमुना आठ, म्हणजे ग्रामपंचायतीतला घराचा उतारा, काढा आणि आधी नाव बदलून घ्या.

हे दुखणं फक्त आपलं नाही. ब्रिटनमध्ये घराला ए ते जी अशी ऊर्जा-श्रेणी देतात, दाखला दहा वर्षं चालतो आणि काही अनुदानं त्या श्रेणीवर अवलंबून असतात. तपासणाऱ्याला भिंतीतलं उष्णता अडवणारं अस्तर डोळ्यांनी दिसलं नाही तर तो घराच्या वयावरून अंदाज लिहितो. मग मालकाला पावत्या, कामाचे फोटो दाखवावे लागतात. तक्रार आधी तपासणाऱ्याकडे, मग त्याला मान्यता देणाऱ्या संस्थेकडे. दोन्ही ठिकाणी मालकाकडे काय कागद आहेत हेच विचारतात.

तुम्हालाही तेच करायचं आहे. करारावर सही करण्याआधी सर्व्हेची प्रत, त्यात क्षमता का ठरवली याचं कारण, वर्षाला अपेक्षित युनिटं, सावलीची नोंद. पटलं नाही तर बारा बिलांची बेरीज आणि फोटो जोडून दोन ओळी लिहा, "क्षमता पुन्हा तपासावी." व्हॉट्सॲपवर पाठवली तरी चालेल, पण पाठवा. विक्रेता ऐकत नसेल तर दुसऱ्या नोंदणीकृत विक्रेत्याचा सर्व्हे घ्या. यादी योजनेच्या पोर्टलवर आहे आणि निवड तुमची आहे. पहिल्याने चहा घेतला म्हणून त्याच्याशी बांधले जात नाही आपण.

चूक कुणाची यावर दार ठरतं. नेट मीटर, लोड, नकार हे महावितरणचं. आधी १९१२ वर किंवा उपविभागात तक्रार, मग ग्राहक तक्रार निवारण मंच, त्याचा निकाल पटला नाही तर विद्युत लोकपाल, आणि लोकपालांचं कार्यालय नागपुरात आहे, मुंबईला जावं लागत नाही. विक्रेत्याने खोटं सांगितलं तर मंच काही करू शकत नाही. तिथे जिल्हा ग्राहक आयोग.

(श्रोत्यांतून प्रश्न : आमचं बसून वर्ष झालं. सांगितली तेवढी वीज निघतच नाही. आता काय?)

आधी पॅनल धुवा, ताई, सकाळी थंड असताना. जिनिंगजवळ घर असेल तर कापसाचा कचरा बसतो. मग महिन्याच्या पहिल्या तारखेला जनरेशन मीटरचं, म्हणजे पॅनलने किती वीज बनवली ते मोजणाऱ्या मीटरचं, रीडिंग वहीत लिहा, तीन महिने. या योजनेत पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याकडे असते, म्हणून ती वही जोडून त्याला लेखी कळवा. आला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरी नाही, तर आयोग. विक्रेता नागपूरचा असला तरी केस तुम्ही राहता त्या जिल्ह्यात टाकता येते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. तुमचं एक वर्ष गेलं, तेव्हा बसवल्याच्या तारखेपासूनच मोजा. कमी वीज निघते हे नेमकं कधी कळलं, यावर वकिलांना भांडायची जागा ठेवू नका.