सेव्ह केलेला गेम गेला कुठे?

(पडद्यावर: सीडीची डबी उघडते. ड्राइव्हचा ट्रे आत जातो. घरघर.)

हा आवाज ओळखीचा वाटला ना? सीडी वेग घेताना होणारी घरघर. डिस्कवर दोन चरे आहेत, पण सेटअप सुरू झाला. पट्टी सरकत सरकत शंभर टक्क्यांपर्यंत गेली, डेस्कटॉपवर आयकॉन आला. डबल क्लिक केलं, आणि गेमऐवजी एक छोटीशी चौकट उघडली. 'अ‍ॅक्सेस डिनाइड'. परवानगी नाही.

कॉम्प्युटर माझा, सीडी माझी, पासवर्डही माझाच. मग परवानगी नाकारणारा हा कोण?

पण खरं सांगायचं तर ही चौकट परवडली. निदान तोंडावर नकार तरी मिळतो. माझ्या बाबतीत झालं ते याहून वाईट. गेम छान चालला. आठवडाभर खेळलो, रोज सेव्ह केलं. मग एका रात्री स्क्रीनचे रंग विस्कटले, म्हणून आयकॉनवर राइट-क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडलं. गेम उघडला आणि 'लोड गेम'ची यादी कोरी. आठवडाभराचे सगळे सेव्ह गायब. मी दोष दिला सीडीवरच्या त्या दोन चऱ्यांना, आणि गेम काढून पुन्हा टाकला, पुन्हा तसाच 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'नं उघडला. यादी कोरी ती कोरीच.

सेव्ह कुठे गेले होते ते सांगतो. त्यासाठी आधी थोडं मागे जावं लागेल.

(पडद्यावर: विंडोज ९८ची लॉगिन चौकट. एस्केप दाबल्यावर ती नाहीशी होते.)

ही विंडोज ९८ची पासवर्डची चौकट. एस्केप दाबा, ती निघून जाते आणि तुम्ही आत. इतकं साधं. १९९५ आणि १९९८ च्या त्या विंडोजमध्ये डिस्कवरची फाइल कोणाच्या मालकीची, हा प्रश्नच नव्हता. फॅट या फाइल सिस्टीममध्ये, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडायच्या तेव्हाच्या पद्धतीत, ती माहिती लिहायला जागाच नव्हती. फाइल 'रीड-ओन्ली' आहे, लपवलेली आहे, असल्या दोनचार खुणा तेवढ्या असायच्या. कोण वाचणार, कोण लिहिणार, याची नोंद कुठेच नाही. सगळ्यांना मोकळं रान.

त्या काळात गेम लिहिणाऱ्यानं सेव्ह फाइल कुठे ठेवावी? अर्थात गेमच्याच फोल्डरमध्ये, प्रोग्रामच्या शेजारी. १९९९ सालच्या 'एज ऑफ एम्पायर्स २'चं फोल्डर उघडून पाहा, आत 'सेव्हगेम' नावाचं फोल्डर दिसेल. बऱ्याच गेममध्ये सेटिंग्जची आयएनआय फाइल तिथेच, स्कोअरची यादीही तिथेच. आपलंच घर, आपलीच भिंत, ठोका खिळा.

खरं तर कुलपाची सोय तेव्हाही होती, पण ऑफिसांसाठी. १९९३ साली विंडोज एनटी आलं, त्यासोबत एनटीएफएस ही नवी फाइल सिस्टीम आली आणि प्रत्येक फाइलला मालक मिळाला, परवानग्यांची यादी मिळाली. २००१ साली एक्सपीनं तीच यंत्रणा घरोघरी पोचवली. तरीही कोणाला पत्ता लागला नाही, कारण घरातला जो तो अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच बसायचा. एखाद्यानं मुलांसाठी मर्यादित अधिकारांचं खातं काढलं की मगच कळायचं, की या खात्यातून निम्मे गेम रडतात.

इथे माझं एक स्पष्ट मत आहे. १९९६ च्या प्रोग्रामरला मी काही बोलणार नाही. पण २००४ मध्येसुद्धा जे सेव्ह फाइल 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये, म्हणजे प्रोग्राम जिथे बसवले जातात त्या फोल्डरात, टाकत होते, त्यांना माफी नाही. वापरणाऱ्याचा डेटा वापरणाऱ्याच्या फोल्डरात ठेवा, हे विंडोज २००० पासून सांगितलं जात होतं. ऐकलं नाही.

(पडद्यावर: स्क्रीन अंधारते. मधोमध परवानगी विचारणारी चौकट.)

मग २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आलं आणि त्यासोबत ही चौकट. युझर अकाउंट कंट्रोल. लोकांनी तिला मनसोक्त शिव्या घातल्या. पण तिच्यामागची योजना नीट समजून घेण्यासारखी आहे. तुमचं खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं असलं, तरी लॉगिन करताना विंडोज तुमच्या खिशात दोन ओळखपत्रं घालतं. एक साधं, एक वरच्या अधिकाराचं. रोजच्या कामाला साधंच वापरलं जातं. वरचं तेव्हाच निघतं, जेव्हा तुम्ही त्या चौकटीत 'हो' म्हणता. आणि प्रोग्राम फाइल्समध्ये साध्या ओळखपत्रावर वाचता येतं, प्रोग्राम चालवता येतो, पण लिहिता येत नाही.

म्हणजे सेटअप चालवताना तुम्ही 'हो' म्हणालात, त्यामुळे फाइल्स आत गेल्या. नंतर गेम मात्र साध्या ओळखपत्रावर उघडला आणि पहिलाच खिळा ठोकायला गेला.

(जाता जाता एक गंमत. जुन्या सेटअपला अधिकार लागणार हे विंडोज कसं ओळखतं? बऱ्याचदा चक्क नावावरून. जुन्या ३२-बिट प्रोग्रामच्या नावात 'सेटअप', 'इन्स्टॉल' किंवा 'अपडेट' दिसलं, की चौकट हजर.)

आता असे हजारो प्रोग्राम एका दिवसात बंद पडले असते, तर लोकांनी व्हिस्टा उचलून फेकलं असतं. म्हणून मायक्रोसॉफ्टनं एक तोडगा काढला. जुना ३२-बिट प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला गेला, तर त्याला नाही म्हणायचं नाही. 'लिहिलं हं' असं सांगायचं, आणि फाइल गुपचूप दुसरीकडे ठेवायची. तो प्रोग्राम पुन्हा वाचायला आला, की तीच लपवलेली प्रत पुढे करायची. बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही.

(पडद्यावर: फाइल एक्सप्लोरर. माउस हळूहळू एकेक फोल्डर उघडतो.)

ती जागा ही बघा. सी ड्राइव्ह, युझर्स, तुमच्या नावाचं फोल्डर, त्यात अ‍ॅपडेटा, त्यात लोकल, आणि त्यात 'व्हर्च्युअलस्टोअर'. अ‍ॅपडेटा लपवलेलं असतं, म्हणून आधी व्ह्यूमध्ये जाऊन लपवलेल्या गोष्टी दाखवायला सांगा. आत गेलात की प्रोग्राम फाइल्सची छोटी प्रतिकृती दिसेल, तिच्यात गेमच्या नावाचं फोल्डर, आणि त्यात…

माझे सगळे सेव्ह. तारखांसकट. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

कारण ही लपवाछपवी फक्त साध्या ओळखपत्रावर चालते. 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' केल्यावर गेमला खऱ्या फोल्डरात लिहिता येतं, मग विंडोज मध्ये पडतच नाही. गेम खऱ्या फोल्डरात पाहतो, तिथे काहीच नसतं, यादी कोरी. एकाच गेमचे दोन संसार, आणि एकाला दुसऱ्याची खबर नाही.

याच कारणानं आणखी एक डोकेदुखी होते. खऱ्या फोल्डरातल्या आयएनआय फाइलमध्ये तुम्ही रिझोल्यूशन बदलता, सेव्ह करता, गेमवर ढिम्म परिणाम नाही. होणार कसा? गेमनं स्वतःची प्रत आधीच व्हर्च्युअलस्टोअरमध्ये केलेली असते आणि तो तीच वाचत बसतो. प्रोग्रामच्या फाइल्सना, म्हणजे ईएक्सई आणि डीएलएलना, ही सवलत नाही. म्हणून गेमचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा प्रोग्राम, अधिकाराशिवाय चालवला, तर तो तिथल्या तिथे अडतो.

मग उपाय काय? सगळीकडे ऐकू येणारा सल्ला एकच: कायम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. मला तो पटत नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा प्रोग्राम, त्यातल्या चुका कोणी दुरुस्त करत नाही, त्यातून तो ऑनलाइन खेळायचा असला तर बाहेरच्या कोणाशीही बोलणार. त्याच्या हाती अख्ख्या कॉम्प्युटरच्या किल्ल्या कशाला?

काही जण त्याहून पुढे जाऊन युझर अकाउंट कंट्रोलच मुळापासून बंद करतात. ते म्हणजे आगीतून फुफाट्यात. ते पूर्ण बंद झालं की व्हर्च्युअलस्टोअरची लपवाछपवीही थांबते, आणि आधीचे सेव्ह पुन्हा 'गायब' होतात.

साधा उपाय असा, की प्रोग्राम फाइल्सच्या वाट्यालाच जायचं नाही. सी ड्राइव्हवर 'गेम्स' नावाचं फोल्डर करा. सेटअप 'कुठे टाकू' असं विचारेल, तेव्हा 'नेक्स्ट'वर आपोआप जाणारं बोट थोपवा आणि तिथला पत्ता बदला. सी ड्राइव्हवर थेट केलेल्या नव्या फोल्डरात लॉगिन केलेल्या माणसाला मुळातच लिहिता येतं. गेमला पुन्हा ते जुनं मोकळं रान मिळतं, आणि बाकीचं घर बंदच राहतं. माझे सगळे जुने गेम आता तिथे नांदतात.

गेम आधीच प्रोग्राम फाइल्समध्ये बसलाय आणि हलवायचा नाहीये? मग फक्त त्या एका फोल्डरवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी टॅब, एडिट. यादीत 'युझर्स' निवडा आणि 'मॉडिफाय'पुढे खूण करा. बस. 'फुल कंट्रोल' नको, 'एव्हरीवन' नको. आणि हे अख्ख्या प्रोग्राम फाइल्सवर तर मुळीच करू नका. त्या फोल्डरचा मालक 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' नावाचं विंडोजचंच खातं आहे. त्याच्याकडून मालकी हिसकावून घेणाऱ्यांचे हाल मी पाहिलेत.

तिथेच 'जनरल' टॅबवर 'रीड-ओन्ली'पुढे एक भरीव चौकोन दिसतो. लोक तो काढतात, तो परत येतो, पुन्हा काढतात. सोडा त्याचा नाद. फोल्डरच्या बाबतीत त्या चौकोनाचा परवानगीशी संबंधच नसतो.

(पडद्यावर: प्रोसेस मॉनिटर. ओळी भराभर वर सरकतात, मग फिल्टर लागतो आणि चारच उरतात.)

एवढं करूनही अडलंच, तर अंदाज बांधत बसू नका, पाहा. हा प्रोसेस मॉनिटर, मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातला, फुकट मिळतो. गेम चालू असताना तो काय काय उघडायला गेला, याची ओळ न् ओळ इथे उमटते. 'रिझल्ट'च्या रकान्यात 'अ‍ॅक्सेस डिनाइड' एवढंच दाखव असा फिल्टर लावला, आणि हजारो ओळींतून या चार उरल्या. तिसरी बघा. संगीताची फाइल. गेमला ती नुसती वाचायची आहे, पण मागताना त्यानं वाचण्याचा आणि लिहिण्याचा, दोन्ही अधिकार मागितलेत. जुन्या प्रोग्रामांची ही जित्याची खोड. पेलाभर पाणी हवं आणि मागायची विहीर.

नकाराची प्रत्येक चौकट परवानगीचीच असते असंही नाही. सेटअपच १६-बिट असेल, तर ६४-बिट विंडोजवर तो चालणार नाही, कितीही अधिकार द्या. सीडीची नक्कल रोखणारं 'सेफडिस्क'चं कुलूप असलेल्या सीडी विंडोज १० वर अडतात, कारण त्या कुलपाचा ड्रायव्हर धोकादायक ठरवून काढून टाकलाय. आणि गेम डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करत असूनही अडला, तर विंडोज सिक्युरिटीत जाऊन 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' (अनोळखी प्रोग्रामला अशा फोल्डरांत लिहू न देणारा पहारा) चालू आहे का ते बघा. असेल, तर त्या एका गेमला तिथून मुभा द्या.

(पडद्यावर: दोन खिडक्या शेजारी शेजारी. डावीकडे व्हर्च्युअलस्टोअर, उजवीकडे सी ड्राइव्हवरचं गेम्स फोल्डर.)

आता माझे सेव्ह. गेम नव्या जागी टाकून झालाय. डावीकडून फाइल्स उचलायच्या आणि उजवीकडे टाकायच्या. घाई करू नका. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून खेळताना तुम्ही एखादा सेव्ह त्याच नावानं केला असेल, तर दोन फाइल्सची नावं एकच असतील. आधी तारीख बघा, एकीचं नाव बदला, मग कॉपी करा. आणि व्हर्च्युअलस्टोअरमधली मूळ प्रत एवढ्यात पुसू नका.

गेम उघडतो. लोड. यादीत सात नावं. सर्वांत वरच्यावर क्लिक.

(पडद्यावर: नकाशा उघडतो. तटबंदीच्या कोपऱ्यात एक बुरूज, त्याच्या पायथ्याशी शत्रूचे हत्ती.)

हो, त्या रात्री मी हरतच होतो.