अँडोव्हरची मुलं मुंबईला कशी लागली

सगळ्यांना सलाम.

तुमच्या वर्गातले काही जण या सुट्टीत नेपाळला सेवाकार्याला निघालेत. त्यांना निरोप देण्याआधी परदेशी मिशनचा इतिहास थोडक्यात सांगा, असं मला सांगण्यात आलं. थोडक्यात सांगणं मला जमत नाही. म्हणून सगळा इतिहास बाजूला ठेवतो आणि एकच दौरा घेतो. १८१२ साली अमेरिकेतल्या एका धर्मशास्त्र विद्यालयातून मुलं निघाली, त्यांचा. तो दौरा जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर फसला, आणि फसत फसतच मुंबईला येऊन लागला. तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या पणजोबांचा बाप्तिस्मा ज्या मिशनमध्ये झाला, ते अमेरिकन मराठी मिशन या फसलेल्या दौऱ्यातून निघालं.

सुरुवात १८०६ मधली. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजातली पाच मुलं मोकळ्या रानात प्रार्थनेला जमली होती. वादळ आलं, वीज कडाडायला लागली, तेव्हा ती गवताच्या गंजीच्या आडोशाला बसली आणि आशियात सुवार्ता न्यायच्या गोष्टी करू लागली. सॅम्युएल मिल्स हा त्यांचा म्होरक्या. पुढे १८०८ मध्ये या मुलांनी ‘ब्रेदरेन’ नावाची मंडळी काढली, आणि तीही गुप्त. तिचे नियम सांकेतिक लिपीत लिहिलेले! परदेशी जायचं वेड बाहेर कळलं तर लोक माथेफिरू म्हणतील, ही धास्ती. आजचे सेवाकार्याचे दौरे निघायच्या आधीच त्यांचे टी-शर्ट छापून होतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

मिल्स पुढे अँडोव्हरच्या नव्या धर्मशास्त्र विद्यालयात आले. तिथे अडोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूवेल आणि सॅम्युएल नॉट भेटले. जून १८१० मध्ये ब्रॅडफर्ड गावी मॅसॅच्युसेट्सच्या पाळकांची सभा भरली, आणि या चौघांनी तिच्यापुढे एक अर्ज ठेवला. खरं तर सह्या सहा व्हायच्या होत्या. पण सहा जणांचा खर्च ऐकून वडीलमंडळी दचकतील म्हणून दोन नावं गाळली, जेम्स रिचर्ड्स आणि ल्यूथर राइस यांची. अर्जात काय होतं ते ऐका. आमचा विचार अव्यवहार्य म्हणून सोडून द्यावा का? जायचं तर पूर्वेला की पश्चिमेला? आणि पोसणार कोण, आपलाच देश की युरोपातली एखादी संस्था? म्हणजे जायचं हे पक्कं, कुठे ते माहीत नाही! पाळकांनी लगेच परदेशी मिशनसाठी ‘अमेरिकन बोर्ड’ ही संस्था स्थापन केली. तिच्या खजिन्यात म्हणण्यासारखं काही नव्हतं, म्हणून जडसनना लंडनच्या मिशनरी संस्थेकडे मदत मागायला पाठवलं. वाटेत फ्रेंच खाजगी लढाऊ जहाजाने त्यांचं जहाज पकडलं आणि जडसन काही काळ फ्रान्समध्ये कैदेत पडले. सुटून लंडनला पोचले, तर तिथून मनासारखं उत्तर नाही.

बोर्डाला सरकारी सनद हवी होती. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात एका सदस्याने हरकत घेतली, की आपल्याकडेच धर्माचा तुटवडा असताना तो निर्यात कसा करता? त्यावर दुसऱ्याने उत्तर दिलं, की हा माल असा आहे की जितका बाहेर पाठवाल तितका घरी वाढतो. उत्तर चतुर आहे, सनदही मिळाली. पण मला विचाराल तर हरकत घेणाराही अगदीच चुकीचा नव्हता. त्या देशात तेव्हा माणसं विकली जात होती.

६ फेब्रुवारी १८१२ ला सेलमच्या टॅबर्नॅकल चर्चमध्ये पाच जणांना पाळकपणाची दीक्षा मिळाली: जडसन, न्यूवेल, नॉट, गॉर्डन हॉल आणि राइस. राइस शेवटच्या क्षणी आले, तेही आपला खर्च आपण जमवायचा या अटीवर. याच आठवड्यात तिघांची लग्नं उरकली. हॅरिएट अॅटवुड न्यूवेलांशी लग्न करून निघाली तेव्हा अठरा वर्षांची होती. जडसन आणि न्यूवेल जोडपी १९ फेब्रुवारीला सेलमहून ‘कॅरव्हान’ जहाजाने निघाली, बाकीचे फिलाडेल्फियाहून ‘हार्मनी’ने. ‘कॅरव्हान’ १७ जूनला कलकत्त्याला पोचलं. दुसऱ्याच दिवशी, १८ जूनला, अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. ही बातमी यायला महिने लागले, पण ती आली तेव्हा ही मंडळी शत्रुराष्ट्राची प्रजा ठरली.

तशीही कंपनी सरकारला मिशनरी नकोच होते. धर्माच्या नावाने लोक बिथरतील आणि व्यापाराला धक्का बसेल, हा त्यांचा हिशोब. आधी आलेले इंग्रज मिशनरी विल्यम केरीही म्हणूनच कलकत्त्यात न राहता बंगालमधल्याच, डेन लोकांच्या ताब्यातल्या श्रीरामपूरला राहिले होते. आल्या पावली निघून जा, असा हुकूम या मुलांना मिळाला. त्यात गट आतूनही फुटला. जहाजावर जडसन बाप्तिस्म्याचा अभ्यास करत बसले होते. कलकत्त्यात आल्यावर त्यांनी आणि पत्नी अॅन यांनी बॅप्टिस्ट पद्धतीने बुडवून बाप्तिस्मा घेतला, पाठोपाठ राइस यांनीही. कॉन्ग्रिगेशनल या वेगळ्या पंथाच्या मंडळींच्या पैशाने निघालेला गट, आणि त्यातले तीन जण वर्ष संपायच्या आत पंथ बदलून मोकळे! जडसन रंगूनला गेले. राइस बॅप्टिस्टांकडून पैसा उभा करायला अमेरिकेला परतले, ते पुन्हा आशियात आलेच नाहीत.

न्यूवेल जोडपं मॉरिशसला जायला निघालं. हॅरिएटला समुद्रातच मुलगी झाली, पाच दिवस जगली. ३० नोव्हेंबर १८१२ ला हॅरिएटही मॉरिशसमध्ये वारली. एकोणीस वर्षांची. भारताच्या मातीत तिने दोन महिनेसुद्धा काढले नव्हते. कुणाला शिकवलं नाही, कुणाला उपदेश केला नाही. तरी तिची रोजनिशी आणि पत्रं छापून निघाली तेव्हा अमेरिकेत घरोघर वाचली गेली, आणि ती वाचून पुढची पिढी मिशनला लागली. मला हे नेहमी अवघड वाटतं. पाठवणाऱ्या मंडळीला प्रेरणा मिळाली हे खरं. पण जिथे पाठवलं तिथल्या माणसाच्या पदरात काय पडलं, हा प्रश्न त्या पुस्तकाला कुणी विचारला नाही. तुमच्या दौऱ्याचा अहवाल वाचताना मी मात्र विचारणार आहे.

उरले हॉल आणि नॉट. यांना इंग्लंडला धाडून द्या असा हुकूम कलकत्त्यात निघाला, तोवर हे मुंबईच्या जहाजावर निसटले. फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले, तर हुकूमही मागोमाग तिथे पोचला. गव्हर्नर होते सर इव्हान नेपियन. माणूस धार्मिक, बायबल सोसायटीशी संबंध असलेला, पण नोकरी कंपनीची. दोघांनी सिलोनला निसटायचा प्रयत्न केला, कोचीनपर्यंत गेले आणि तिथून परत आणले गेले. अखेर वर्षाच्या शेवटी इंग्लंडच्या जहाजावर चढवायची वेळ आली. तेव्हा हॉलनी नेपियनना पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की न्यायाच्या दिवशी आपण दोघंही देवापुढे उभे राहणार आहोत, तेव्हा आम्हाला का हाकललं याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. अर्ज-विनंत्यांचा सगळा शिष्टाचार सोडून लिहिलेलं पत्र आहे ते. नेपियननी रवानगी थांबवली. तिकडे ब्रिटिश पार्लमेंटने त्याच साली कंपनीची सनद नव्याने देताना मिशनऱ्यांना वाट मोकळी केली होती, म्हणून प्रकरण निभावलं. पुढे न्यूवेलही एकटेच सिलोनहून मुंबईला आले.

आता सगळ्यात महत्त्वाचं. परवानगी मिळाली, पण मराठीचा एक शब्द येत नव्हता. आणि मुंबई म्हणजे तेव्हा इंग्रजांची बेटं. घाटावर अजून पेशवाई होती, ती १८१८ पर्यंत. मुलं हिंडायला आली होती, त्यांना बसावं लागलं. पंतोजी ठेवला, बाराखडी गिरवली. केरींनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने श्रीरामपुरात केलेलं मराठी व्याकरण १८०५ मध्येच छापून झालं होतं, कोशही १८१० मध्ये आला होता. पण बाजारात बोलली जाणारी मराठी पुस्तकातून येत नाही. ती हॉलनी रस्त्यावर, देवळांच्या आवारात, लोकांशी हुज्जत घालत कमावली. लोक हसत असणार, यात मला तिळमात्र शंका नाही. शाळा काढल्या, त्यांत शिकवायला ब्राह्मण आणि बेने इस्राएल मास्तर ठेवले. ख्रिस्ती शाळा, मास्तर हिंदू आणि यहुदी! दुसरं कोण मिळणार होतं? १८२४ मध्ये त्यांनी मुंबईत मुलींची शाळा सुरू केली. १८२७ मध्ये सिंथिया फरार आल्या. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठवलेल्या अगदी सुरुवातीच्या अविवाहित बायांपैकी या एक. पुढे त्या नगरला गेल्या, आणि त्यांची तिथली मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती.

छापखान्याची गोष्ट तर मला फार आवडते. १८१६ मध्ये मिशनने मुंबईत छापखाना उभा केला, १८१७ पासून मराठी पत्रकं आणि मत्तयकृत शुभवर्तमान छापायला लागला. १८२६ मध्ये नवा करार पुरा झाला. या काळात बाप्तिस्मे किती? बोटांवर मोजावेत इतकेच. बोर्डाला पाठवलेल्या पत्रांत हे शल्य जागोजाग दिसतं. पण त्यांचा छापखाना बघून गणपत कृष्णाजींनी स्वतःचं यंत्र बनवलं आणि १८३१ मध्ये पंचांग छापलं. पुढे याच मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली जावजी दादाजी नावाचा गरिबाघरचा पोरगा खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, घासायला लागला. तोच पुढे देखणे देवनागरी खिळे पाडू लागला आणि १८६९ मध्ये त्याने निर्णयसागर छापखाना काढला. काशीपासून मद्रासपर्यंतच्या शास्त्र्यांनी ज्या निर्णयसागर प्रतींवर संस्कृत काव्यं वाचली, त्यांच्या अक्षरांची मुळं अशी अँडोव्हरच्या मुलांपर्यंत जातात. मूर्तिपूजा मोडायला आलेल्यांच्या छापखान्यातून पंचांगाची वाट निघाली. हॉलना हे कळलं असतं तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. मी मात्र याबद्दल देवाचे आभार मानतो, आणि तसं म्हटल्यावर काही पाळकांच्या कपाळाला आठ्या पडतात, तेही मला ठाऊक आहे.

हॉलनी पत्नीला आणि मुलांना १८२५ मध्ये अमेरिकेला पाठवलं होतं. १८२६ च्या मार्चमध्ये ते नाशिक-त्र्यंबककडे गेले, तर तिथे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ. वैद्यकीचं थोडं ज्ञान होतं, जवळची औषधं वाटून संपवली. परतीच्या वाटेवर एका खेड्यात त्यांनाच पटकी झाली, आणि २० मार्चला ते गेले. वय एक्केचाळीस. न्यूवेलना पटकीनेच १८२१ मध्ये नेलं होतं. या माणसांनी इथल्या लोकांच्या देवाधर्माबद्दल जे लिहिलं, त्यातलं बरंचसं वाचवत नाही. १८१८ मध्ये हॉल आणि न्यूवेलनी पुस्तिका लिहिली, तिच्या नावातच साठ कोटी आत्म्यांचा दावा आहे. साठ कोटी लोकांचा हिशोब, आणि त्यात एकाही माणसाचं ऐकून घेतलेलं नाही. पण साथीत पाठ न फिरवणारा माणूसही तोच. दोन्ही ध्यानात ठेवावं लागतं.

आता नेपाळ. तुम्हाला व्हिसा लागणार नाही. लिपी देवनागरी, त्यामुळे पाट्या वाचता येतील आणि सगळं समजतंय असा भ्रम पहिल्याच दिवशी होईल. तो लवकर गेला तर बरं. कुणाचं धर्मांतर करवणं तिथे कायद्याने गुन्हा आहे, शिक्षा कैदेची आहे आणि परक्या नागरिकाची नंतर हकालपट्टी होते. तुम्हाला पकडलं तर तुम्ही घरी याल. पण ज्या स्थानिक पाळकाच्या घरी उतरलात, त्याला तिथेच राहायचंय. म्हणून काय बोलायचं, कुठे बोलायचं, हे त्याने ठरवायचं, तुम्ही नाही. फोटोसुद्धा त्याला विचारूनच. आणि जो दुभाषा म्हणून तुमच्याबरोबर हिंडेल त्याला त्याची मजुरी द्या. हॉलना मराठी शिकवणाऱ्या पंतोजींचं नाव आज मला सांगता येत नाही. तुमच्या दुभाष्याचं नाव मात्र अहवालात पहिल्या पानावर आलं पाहिजे, अर्थात त्याची हरकत नसेल तरच.

मघाशी कुणीतरी चिठ्ठी पाठवली होती, की नॉटचं पुढे काय झालं. चांगलं विचारलंत, त्यांच्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही. नॉट १८१५ मध्ये तब्येतीमुळे मुंबई सोडून पत्नीसह घरी गेले. मॅसॅच्युसेट्समध्ये वेअरहॅम गावी पाळक झाले, आणि १८६९ पर्यंत जगले. शहीद नाही, वीर नाही, म्हणून मिशनच्या गोष्टींत ते दोन ओळींत संपतात. उतारवयात त्यांनी गुलामगिरीच्या प्रश्नावर पुस्तक लिहिलं, आणि गुलामगिरी तडकाफडकी मोडणाऱ्यांशी त्यांचं जमत नव्हतं. ते गेल्यावर चारच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ छापलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांना मोकळं करण्यासाठी झीज सोसली. त्या लोकांत नॉटना धरायचं की नाही, यावर तुमची मतं ऐकायला मला आवडेल. बोला, पहिला हात कुणाचा?